दादाची ओळ

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादा यास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बाबा बरे नाहीत आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. बाकी दुकान, आईचे गुडघे, बेकरीवाल्या काकांची कुरकुर, सगळं जिथल्या तिथे आहे.

आधी तुझ्या पार्सलबद्दल. लोकरी टोपी मिळाली. बाबा ती दिवसभर घालून बसतात, अगदी जेवतानासुद्धा. जो भेटायला येईल त्याला थोरल्याने पाठवली म्हणून काढून दाखवतात आणि परत घालतात. बेकरीवाल्या काकांना तर दोनदा दाखवली. मी मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने भिंगं घासून नवा चष्मा केला, तो उशाशी डबीत पडून आहे. जुनाच बरा म्हणतात, ज्याची एक काडी दोऱ्याने बांधलीय. अख्ख्या गल्लीच्या नाकावर मी चष्मे चढवले आणि माझ्या बापाला तेवढा माझा चष्मा चालत नाही. तुझी टोपी कानांवर उतरते, तरी चालते. पोटात दुखतंय म्हणशील. दुखतंयच.

आता मुख्य गोष्ट. ती इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. गेल्या मंगळवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तुझी ओळ म्हटली.

काय झालं ते नीट सांगतो. तू गेल्यापासून प्रार्थनाघरात काय चालतं ते तुला माहीत आहे, पण तू कधी पाहिलेलं नाहीस. बाबा दिवा लावतात, सगळे उभे राहतात आणि मग सगळे गप्प. आपल्या घराण्याचा नियम, पहिली ओळ थोरल्या मुलाने एकट्याने म्हणायची, दुसरीपासून सगळ्यांनी. बाबांनी ती तुझ्या हवाली केली त्या दिवसापासून तेही ती म्हणत नाहीत. थोरला हजर नसेल तर तिला लागेल तेवढा वेळ नुसतं थांबायचं आणि दुसरीपासून सुरू करायचं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी सगळी गल्ली तुझ्यासाठी तोंड मिटून उभी राहते. काका भट्टी सोडून येतात आणि तुझ्या नावाने मान खाली घालतात. बाकं मी लावतो, फरशी मी पुसतो, दिव्यात तेल मी घालतो, आणि सगळं झालं की दारापाशी जाऊन उभा राहतो. लोक हजर असलेल्या माणसावर जळतात. मी तुझ्या गैरहजेरीवर जळतो, म्हणजे माझी काय पत आहे बघ.

मंगळवारी बाबांना धाप लागली होती. ते थांबले ते थांबलेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना पुढचं सुधरत नाहीये. आणि माझ्या तोंडून ती ओळ निघाली. चुकून निघाली असं मी आईला सांगितलंय. तुला सांगतो, ती लहानपणापासून जिभेवर बसून होती, तिला नुसती फट हवी होती.

बाबा वळले, माझ्याकडे पाहिलं, दिवा विझवला आणि घरी निघून गेले. त्या दिवशी प्रार्थनाच झाली नाही. शिंपीणबाई जाताना म्हणाल्या की आवाज बरा आहे तुझा, पण. तो 'पण' तिथेच ठेवून त्या पायरी उतरल्या. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मीठसुद्धा आईच्या मार्फत मागतात, आणि मीठ माझ्याच हाताशी असतं.

डॉक्टरांचं म्हणणं, हृदय थकलंय, आता दगदग नको. तू ये. येऊन तुझी ओळ म्हण, म्हणजे मीही निमूटपणे माझ्या जागी उभा राहीन. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा
धाकटा


ता. १५ फेब्रुवारी

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

शेपूट म्हटलं म्हणून रागावू नकोस. लहानपणी माझ्या मागे मागे फिरायचास, पाणी प्यायला उठलो तरी तुलाही तहान लागायची. आता दुकानदार झालास, पण माझी जीभ काही वळत नाही.

आमचं इकडे ठीक. वहिनी तुझ्या पत्रातलं मिठाचं प्रकरण वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला, मग बाबांच्या तब्येतीचं वाचून तिने पत्र माझ्या हातात परत दिलं. मी रोजच्यासारखा लोकांना वर पाठवतो आणि स्वतः दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. परवा एक वकीलबाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्या. आतून किंचाळत होत्या. त्यांना धीर द्यायला मी बाहेरून काहीतरी बोलायला गेलो आणि तोंडून काय निघालं माहीत आहे? तीच ओळ. बाई एकदम शांत झाल्या. बाहेर आल्यावर विचारायला लागल्या की ही कंपनीची सूचना आहे का. मी हो म्हटलं.

आता तुझ्या पोटदुखीबद्दल. तू माझ्या नसण्यावर जळतोस, मग मी तुझ्या असण्यावर किती जळलो त्याचा हिशेब कोणी करायचा? खिडकीबाहेर तुझा चेंडू आपटायचा आणि मी बाबांच्या उजवीकडे पाठ ताठ करून बसलेला. तुला ताप आला की आई उशाशी बसायची. मला आला की संध्याकाळपर्यंत उतरेल ना, हे आधी विचारलं जायचं. तू काच फोडलीस तर काच फुटायची, मी फोडली तर घराण्याला बट्टा लागायचा. तू लग्नच करायचं नाही म्हणालास तेव्हा बाबांनी हसून पाठीवर थाप मारली. माझ्या वेळी वहिनीला तीन म्हाताऱ्यांसमोर बसवून सगळी प्रार्थना म्हणून घेतली, आणि पास झाली म्हणून मला लग्नाची परवानगी मिळाली. ती अजून मला ऐकवते की तुमच्यापेक्षा मला जास्त मार्क होते.

तेव्हा थोरलेपणाचं एवढं कौतुक करू नकोस. आत्ता येणं जमणार नाही. रजा नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे मी आलो की बाबा मला सोडणार नाहीत. उजवीकडे बसवतील आणि मी बसेन, हे मला पक्कं माहीत आहे.

तुला ती ओळ हवी आहे ना? घे. मी आजच बाबांना वेगळं पत्र टाकतो की यापुढे ती धाकट्याने म्हणावी, माझी खुशी आहे. माझं ओझं उतरेल आणि तुझ्या पोटाला आराम पडेल. आईच्या गुडघ्यांना शेक देत जा. तुझा राग कायम असू दे, पण पत्र पाठवत जा.

तुझा
दादा


ता. २७ फेब्रुवारी

ती. दादा यास,
सा. न.
वि. वि. आज नाही. विनंती करायची इच्छा राहिलेली नाही.

तुझं बाबांना लिहिलेलं पत्र आलं. जुन्या चष्म्यातून त्यांना अक्षर लागेना, म्हणून त्यांनी ते आईकरवी माझ्याकडे दिलं आणि मोठ्याने वाच असा निरोपही दिला. म्हणजे समोरासमोर बसून, माझ्या तोंडाने, मी वाचून दाखवलं की धाकट्याने ओळ म्हणावी, माझी खुशी आहे. माझे कान तापले होते. हे पत्र मीच तुझ्याकडून लिहून घेतलंय असं त्यांना वाटलं असेल, आणि वाटलं असेल तर त्यांचं तरी काय चुकलं?

बाबा ऐकून हसले. किती दिवसांनी हसले. मग आईला म्हणाले की थोरल्याचा स्वभावच असा, लहानपणापासून हातातली वस्तू धाकट्याला देऊन मोकळा होतो. तेव्हा त्याचा पांढरा शर्ट कपाटातून काढ आणि इस्त्री करून ठेव, तो येईल. बघ म्हणजे! ओळ तर मला मिळाली नाहीच, वर दानशूर म्हणून तुझंच नाव झालं. आईने शर्टाला इस्त्री केली. गुडघे दुखतात म्हणून ती हल्ली माझे कपडे धोब्याकडे पाठवते.

आणि 'घे' म्हणणारा तू कोण, हे मला तुला विचारायचंय. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. जी गोष्ट तू मला 'घे' म्हणून देतोस ती माझ्याकडे आली तरी तुझीच राहते, एवढंही तुला कळत नाही? लहानपणी तू तुझा जुना सदरा मला द्यायचास, तेव्हाही लोक म्हणायचे थोरल्याचा सदरा किती छान दिसतो. वकीलबाईंचं वाचलं. आम्ही इथे ती ओळ नुसती ओठांवर आणायला घाबरतो आणि तू ती लिफ्टच्या दाराशी उधळतोस.

बाबांची तब्येत उतरत चालली आहे. पायांना सूज आहे. प्रार्थनाघरात त्यांना आता मी आणि काका मिळून खुर्चीवर बसवून नेतो. तिथेही थांबतात, तुझ्यासाठी. दिवसा खुर्ची खिडकीशी लावून घेतात आणि रस्त्याकडे बघत बसतात. त्यांनी आईला बजावून ठेवलंय की मी गेलो तरी थोरला येऊन ओळ म्हणेपर्यंत मला प्रार्थनाघरातून हलवायचं नाही.

आणि ऐक, परवा त्यांनी डबी उघडून माझा नवा चष्मा घातला. मी दुकानातून आलो तर नाकावर चष्मा! मला इतका आनंद झाला की मी दारातच उभा राहिलो. विचारलं, नीट दिसतंय का. महिनाभराने माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, आता कोपऱ्यापर्यंत स्पष्ट दिसतं, थोरला वळणावर आला की लगेच कळेल.

ये बाबा एकदाचा. माझ्यासाठी नको, माझ्या भिंगांच्या अब्रूसाठी ये.

धाकटा


ता. ५ मार्च

चि. शेपटास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चष्म्याच्या जागी थांबलो. पुढचं वहिनीने वाचलं.

साहेबांशी भांडून रजा घेतली आहे. शनिवारी निघतो, रविवारी दुपारच्या गाडीने पोचतो. स्टेशनावर कोणी येऊ नका. बाबांना सांग की टोपी काढून ठेवा, मी आणखी एक आणतोय, यावेळी डोकं मोजून. आईला सांग की शर्ट आता मला घट्ट होईल, तिने मनाची तयारी ठेवावी.

तुझे सगळे टोमणे पोचले. त्यातले निम्मे खरे आहेत, कोणते ते भेटल्यावर भांडून ठरवू. ओळ मी म्हणेन. तू बाकं लाव आणि यावेळी दारापाशी उभा राहू नकोस, पुढे ये.

भेटीची ओढ आहे. तुझ्या शिव्या खायला उत्सुक.

दादा


ता. १३ मार्च

दादा,

बाबा शनिवारी संध्याकाळी गेले. खिडकीशी, खुर्चीत बसल्या बसल्या. आई त्यांना पाणी द्यायला गेली तेव्हा कळलं. तू गाडीत होतास, कळवणार कुठे? दुपारी पोचतोयस हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाबांनीच सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळपासून माणसं जमली. बाबांना प्रार्थनाघरात मधोमध ठेवलं. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. स्टेशनापासून घर काही लांब नाही. आम्ही थांबलो. शिंपीणबाईंना उभं राहवेना, त्यांना स्टूल दिलं. काका दोनदा दारात जाऊन आले. मीही गेलो नाही असं नाही. बाहेर उन्हात मला काही दिसलं नाही, कारण डोळे भरलेले होते.

लोक कुजबुजायला लागले. आई उठली, माझ्याकडे आली, माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली की आता तूच म्हण.

आयुष्यभर मी या वेळेची वाट पाहिली, दादा. भिंग घासताना, आंघोळ करताना, दुकानाचं शटर ओढताना मनातल्या मनात ती म्हटली. बाबांनी वळून बघावं आणि मान हलवावी, एवढंच मला हवं होतं. आणि ती मिळाली केव्हा, तर बाबांचे कान बंद झाल्यावर, आणि तू आला नाहीस म्हणून. तुझं उष्टं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि मी ते जेवलो. कशी म्हटली ते मला आठवत नाही. लोक म्हणतात बरी म्हटलीस. लोक अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

पण ते जाऊ दे. सोमवारी संध्याकाळी मी दिवा लावला. सगळे उभे राहिले. मी तोंड उघडणार तर सगळ्यांच्या माना खाली, सगळे चिडीचूप. तुझ्यासाठी थांबले! कालच मी म्हटली होती, त्यांच्यादेखत म्हटली होती, तरी थांबले. मग मीही थांबलो आणि दुसरीपासून सुरू केलं. रोज तेच चाललंय. बाबांची खुर्ची आम्ही त्याच दिवशी उचलून कोपऱ्यात ठेवली, तुझी जागा मात्र आहे तिथेच आहे.

आई तुला दोष देत नाही. तिला वाटतं तुला वाटेत काहीतरी झालं असेल. उठता बसता तुझीच काळजी करते, आणि मी समोर उभा असतो. गाडी चुकली असेल तर तसं लिही. आजारी पडला असशील तर तसं लिही, मी माझे शब्द मागे घेईन आणि तुझे पाय धरीन. दोन्ही नसेल तर येऊ नकोस.

धाकटा


ता. २१ मार्च

प्रिय भावास,

गाडी चुकली नाही. आजारीही नव्हतो.

मी रविवारी त्याच गाडीने उतरलो. बाबांसाठी टोपी घेतली होती. कोपऱ्यावर वळलो आणि प्रार्थनाघरासमोरचे जोडे दिसले, पायरीपासून रस्त्यापर्यंत. एवढे जोडे नेहमीच्या दुपारी नसतात. कोणी सांगायची गरज पडली नाही.

मी समोरच्या न्हाव्याच्या दुकानाशी, खांबाच्या आड उभा राहिलो. दुकान बंद होतं, न्हावी तुमच्यात होता. आधी वाटलं धावत जावं. पाऊल उचललंही होतं. मग मनात आलं, मी जरा उशीर केला तर तुला म्हणावीच लागेल. तुझं सत्तावीस तारखेचं पत्र खिशात होतं. तू म्हणाला होतास ना, मी दिली तर ती माझीच राहते? म्हटलं, न देता जाऊ दे. तू दारात आलास तेव्हा मी तुला पाहिलं. मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की मला रडू आलं, आणि ते बाबांसाठी आहे असं मी स्वतःला सांगितलं.

आता सगळंच सांगतो. मनात आणखी एक गोष्ट होती. मला वाटत होतं तू अडखळशील. दोन शब्दांनंतर तुझा आवाज फाटेल, लोक दाराकडे बघतील, आणि मग मी आत येईन. मी त्याचीच वाट बघत होतो.

तू अडखळला नाहीस. बाबांनी मला ती ओळ घोटून घेतली होती, मी ती कधी चुकलो नाही आणि कधी तिच्यात काही घातलंही नाही. पाढा म्हणावा तशी म्हणायचो. तू ती देवाकडून मागून घेतल्यासारखी म्हटलीस. मधे तू श्वास घेतलास तर रस्त्यावर उभ्या माणसाचाही श्वास अडकला. आणि मग दुसऱ्या ओळीला सगळे असे आले की खिडकीच्या काचा वाजल्या. इतक्या वर्षांत माझ्यामागून लोक कधी असे आले नाहीत रे. माझ्यामागून ते म्हणायची वेळ झाली म्हणून यायचे.

माझा इतका जळफळाट झाला की तोंड कडू पडलं. आत बाप निजलेला आणि मी खांबाआड उभा राहून भावाच्या आवाजावर जळत होतो. त्या घरात मला एकच काम दिलं होतं, त्यासाठी माझा चेंडू गेला, माझं हुंदडणं गेलं, आणि ते काम तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. कोणी न शिकवता येतं.

तरी मी आत येऊ शकलो असतो. पण आलो असतो तर काय झालं असतं हे तुलाही ठाऊक आहे. सगळ्यांनी वाट दिली असती, आई गळ्यात पडली असती, आणि कोणीतरी म्हटलं असतं की थोरला आला, आता त्याला म्हणू दे, म्हणजे नियमाप्रमाणे होईल. आणि मी म्हटली असती. तुझ्या नंतर, तुझ्यावरून, मुद्दाम. त्या क्षणी मला दुसरं काही नकोच होतं. माझा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून परत फिरलो. तुम्ही बाबांना उचललंत तेव्हा मी स्टेशनाच्या रस्त्याला लागलो होतो. त्यांचं तोंड पाहिलं नाही. ते मला आता कधीच दिसणार नाही.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की हे सगळं आहे तसं धाकट्या भावजींना लिहा, गोड करून लिहू नका. म्हणून लिहिलं.

आईला मी वेगळं लिहितोय. आजपासून संध्याकाळी ती जागा मोकळी सोडू नकोस. लोक मान खाली घालतील, त्यांना घालू दे, तू सुरू कर. चार दिवस बावरतील, मग त्यांना सवय होईल, माझ्या नसण्याचीही झालीच होती. तू येऊ नकोस म्हणालास, तरी महिनाअखेरीला मी येतोय. मला पुढे बोलावू नकोस. दारापाशी उभा राहीन आणि दुसरीपासून म्हणेन.

फक्त एक सांग. तिथे दारापाशी उभं राहून, आधी रोज माझ्या तोंडून ती ओळ ऐकताना आणि मी गेल्यावर माझ्यासाठी थांबताना, इतकी वर्षं तू काय करायचास? मला एक दुपार सहन झाली नाही.

लोभ उरला असेल तर ठेव, नसेल तर मी येऊन मागून घेईन.

तुझा
दादा